इनटेक बदलल्यावर ट्रिमचे आकडे पुन्हा पुन्हा पुसू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

वाहनविषयक पुरवण्यांत आणि गॅरेजच्या जाहिरातींत हल्ली ‘स्पोर्ट इनटेक’बद्दल, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या मूळ पाइप-फिल्टरच्या जागी बसवायच्या नव्या संचाबद्दल, बरेच छापून येते. पिकअप सुधारतो, आवाज भरदार येतो, बसवायला तासभर पुरतो, एवढाच त्याचा सूर असतो. पुढचा भाग कुणी लिहीत नाही. आठ-पंधरा दिवसांत इंजिनचा पिवळा दिवा लागतो. स्कॅनरवर पी ०१७१ हा (मिश्रणात पेट्रोल कमी असल्याचा) कोड आणि ‘लाँग टर्म फ्युएल ट्रिम अधिक २१’ असे काहीतरी दिसते. मग कोड पुसला जातो आणि ‘ईसीयू नव्या फिल्टरला सरावेल’ (ईसीयू म्हणजे इंजिनाचा संगणक) असे सांगून गाडी मालकाच्या ताब्यात दिली जाते. साध्या गाडीत हे एक वेळ खपून जाते. रिमॅप केलेल्या, म्हणजे जास्त ताकदीसाठी ईसीयूतले तक्ते बदललेल्या, टर्बो गाडीत मात्र हाच सल्ला पिस्टनवर बेतू शकतो, म्हणून हे लांबलेले पत्र.

आधी ट्रिम म्हणजे काय ते. पेट्रोल गाडीचा ईसीयू इंजिनात किती हवा आली याचा हिशेब मांडतो, तेवढ्या हवेला किती पेट्रोल लागेल ते ठरवतो आणि इंजेक्टर तितके मिलिसेकंद उघडा ठेवतो. जळून गेल्यावर एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर निकाल सांगतो. पेट्रोल कमी पडले असेल, म्हणजे मिश्रण लीन झाले असेल, तर ईसीयू थोडे वाढवतो. जास्त झाले असेल, म्हणजे रिच, तर कमी करतो. ही क्षणाक्षणाची दुरुस्ती म्हणजे शॉर्ट टर्म ट्रिम. एकाच दिशेने तीच दुरुस्ती पुन्हा पुन्हा करावी लागली की ईसीयू ती आपल्या वहीत कायमची मांडून ठेवतो, ती लाँग टर्म ट्रिम. वाचायची ती दोन्हींची बेरीज. लाँग अधिक ९ आणि शॉर्ट उणे १ असेल तर मूळ हिशेबापेक्षा ८ टक्के जास्त पेट्रोल जात आहे. बेरीज अधिक-उणे ५ च्या आत असेल तर काळजीचे कारण नाही. १० ओलांडली की कारण शोधायला हवे. दिवा मात्र बऱ्याच गाड्यांत २० ते २५ च्या आसपास पोचल्यावरच लागतो, त्यामुळे दिवा नाही म्हणून सगळे आलबेल आहे असे धरून चालता येत नाही.

डिझेल गाडीवाल्यांनी यात पडू नये. डिझेलमध्येही हवा मोजणारा सेन्सर असतो, पण तो मुख्यतः ईजीआर (जळालेला वायू परत इंजिनात फिरवण्याची व्यवस्था) सांभाळायला आणि धूर आटोक्यात ठेवायला. पेट्रोल गाडीतल्या अर्थाने ट्रिम तिथे नसते.

पेट्रोल गाडीत हवेचा हिशेब दोन पद्धतींनी होतो आणि आपली गाडी कुठल्या पद्धतीची आहे हे माहीत नसताना इनटेक विकत घेणे म्हणजे पैसे हवेत सोडणे. पहिली पद्धत मास एअर फ्लो सेन्सरची, गॅरेजच्या भाषेत ‘मॅफ’. एअर बॉक्स (फिल्टरची पेटी) आणि थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) यांच्यामधल्या पाइपात एक तापवलेली तार किंवा फिल्म असते. वाहत्या हवेने ती थंड होते आणि तिला ठरलेल्या तापमानावर ठेवायला किती वीज लागली यावरून सेकंदाला किती ग्रॅम हवा गेली ते कळते. दुसरी पद्धत ‘मॅप’ सेन्सरची (रिमॅपमधल्या मॅपशी याचा संबंध नाही): मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपांमधला दाब, हवेचे तापमान आणि आरपीएम यांवरून ईसीयू हवेचे वजन काढतो. स्कोडा लॉराचे १.८ टीएसआय किंवा टोयोटा कोरोला अल्टिस पहिल्या पद्धतीच्या. फोक्सवॅगन पोलोची १.२ आणि १.० टीएसआय इंजिने दुसऱ्या. ओळखायला सोपे आहे: एअर बॉक्समधून निघणाऱ्या तोंडावर चार-पाच तारांचा प्लग लावलेला सेन्सर दिसला तर तो मॅफ, दोनच तारा असतील तर तो बहुधा नुसता तापमानाचा.

मॅपवाल्या गाडीत इनटेक पाइप रुंद केला काय नि अरुंद केला काय, ट्रिम जवळपास हलत नाही, कारण मोजमाप पाइपात होतच नाही. तिथे इनटेक बसवल्यावर ट्रिम अधिक १२ झाली, तर बसवताना दुसरेच काहीतरी बिघडले आहे असे समजून शोध सुरू करावा. त्या गाड्यांत खरा प्रश्न उष्णतेचा. कोन (शंकूच्या आकाराचा) फिल्टर रेडिएटरच्या मागे उघडा ठेवला तर पुण्या-मुंबईच्या वाहतुकीत तो ६० अंशांची हवा ओढतो. ३० अंशांच्या हवेच्या तुलनेत ती सुमारे ९ टक्के विरळ असते, शिवाय ईसीयू ठिणगी मागे घेतो (उशिरा टाकतो). आवाज वाढतो आणि गाडी मंदावते. एवढे सांगून मॅपवाल्यांना रजा देतो. यापुढचे सगळे मॅफबद्दल आहे.

मॅफची मेख अशी की तो सगळी हवा मोजत नाही. त्याच्या चिंचोळ्या खाचेतून जाणाऱ्या थोड्या हवेचा वेग तो पाहतो आणि बाकीची हवा किती, हे पाइपाच्या ठरलेल्या व्यासावरून कारखान्यातच धरलेले असते. अमुक व्होल्टला तमुक ग्रॅम, असा एक तक्ता ईसीयूत असतो. त्याला मॅफ स्केल म्हणतात. समजा मूळ पाइप सेन्सरच्या जागी आतून ७० मिलिमीटरचा आहे आणि नवा ७६ चा. ७६ चा वर्ग भागिले ७० चा वर्ग, उत्तर १.१८. तेवढीच हवा आता रुंद वाटेने जाते, तिचा वेग १५ टक्क्यांनी पडतो आणि १०० ग्रॅम हवेला सेन्सर ८५ म्हणतो. पेट्रोल ८५ ग्रॅमच्या हिशेबाने जाते, मिश्रण लीन होते आणि ट्रिम चढत चढत अधिक १८ च्या आसपास जाऊन बसते. सहा मिलिमीटरचा हा प्रताप. एका मिलिमीटरचा फरकसुद्धा जवळपास ३ टक्क्यांचा पडतो, म्हणून इनटेक घेताना विक्रेत्याला सेन्सर बसतो त्या जागेचा आतला व्यास विचारावा आणि व्हर्नियरने स्वतः मोजावा. बाहेरचा व्यास उपयोगाचा नाही. सिलिकॉन आणि ॲल्युमिनियमच्या पाइपांची जाडी वेगवेगळी असते. व्यास सांगता न येणाऱ्या विक्रेत्याकडून मॅफच्या गाडीसाठी काहीही घेऊ नये, हे आमचे स्पष्ट मत आहे.

इथे कुणीही विचारेल, की ट्रिमने १८ टक्के पेट्रोल वाढवून हिशेब जुळवलाच, मग अडचण कुठे? अडचण ठिणगीत आहे. ईसीयू त्याच हवेच्या आकड्यावरून इंजिनावरचा लोडही काढतो. ३००० आरपीएमला सेकंदाला १०० ग्रॅम हवा जात असेल तर १०० गुणिले ६० भागिले ३०००, म्हणजे एका फेऱ्याला २ ग्रॅम. सेन्सरने ८५ सांगितले तर हाच लोड १.७ दिसतो. ठिणगी किती अंश आधी टाकायची याच्या तक्त्यात लोड जितका कमी तितकी ठिणगी आधी. खरा लोड २ चा आणि ठिणगी मात्र १.७ च्या घरातली पडते, म्हणजे गरजेपेक्षा दोन-चार अंश आधी. ट्रिम फक्त इंजेक्टरचा वेळ वाढवते. ठिणगीच्या तक्त्याला तिचा पत्ताही नसतो. कारखान्यातून आलेल्या गाडीत नॉकपासून (मिश्रण अवेळी आपोआप भडकण्यापासून) थोडे अंतर राखलेले असते, ते या चुकीला सामावून घेते. रिमॅप करणाऱ्याने तेच अंतर वापरून ताकद काढलेली असते. तिथे दोन अंशही महाग पडतात. नॉक सेन्सर ठिणगी मागे घेऊन सावरायला बघतो, पण तो प्रत्येक वेळी नॉक झाल्यावरच सावरतो.

उलटही होते. मूळ पाइपापेक्षा अरुंद पाइप बसला तर सेन्सर जास्त हवा सांगतो, ट्रिम उणे जाते, ठिणगी मागे पडते आणि इनटेक घालून गाडी आधीपेक्षा सुस्त झाली अशी तक्रार येते. इंजिनाला यात धोका कमी, खिशाला जास्त.

दुसरी अडचण पूर्ण थ्रॉटलची. जुन्या पद्धतीच्या ईसीयूत पाय पूर्ण दाबला की ऑक्सिजन सेन्सरचे ऐकणे बंद होते आणि ठरलेल्या तक्त्याने पेट्रोल जाते. शॉर्ट टर्म शून्यावर येते. पण शिकलेली लाँग टर्म तिथेही लागू होऊ शकते, आणि ती शिकलेली असते निवांत चालवताना. याचे सर्वांत चांगले उलगडलेले उदाहरण अमेरिकेत विकल्या गेलेल्या सुबारू डब्ल्यूआरएक्सचे, ईजे २५५ इंजिनवाल्या. रोमरेडर या मोफत सॉफ्टवेअरमुळे तिचे तक्ते कुणालाही पाहता येतात. त्या ईसीयूत शिकलेली दुरुस्ती हवेच्या प्रवाहानुसार चार कप्प्यांत मांडलेली असते. कारखान्याच्या सीमा साधारण ५.६, १० आणि ४० ग्रॅम प्रति सेकंद अशा असतात. चौथा कप्पा ४० च्या पुढचा सगळा. हायवेवर चढ चढताना ४५-५० ग्रॅमवर जे शिकले जाते, तेच पूर्ण बूस्टमध्ये (टर्बो हवा दाबून भरत असताना) २२० ग्रॅमवरही लावले जाते. ट्यूनरने अंदाजाने सगळा स्केल सरसकट १८ टक्के वाढवला आणि ५० ग्रॅमच्या जवळ तो वाजवीपेक्षा जास्त झाला, तर चौथ्या कप्प्यात उणे ८ बसते. मग पूर्ण थ्रॉटलला ०.७८ लॅम्डा (लॅम्डा १ म्हणजे पेट्रोलला नेमकी पुरेल एवढी हवा, त्याहून कमी म्हणजे रिच) मागितलेला असताना मिळतो ०.८५ च्या घरात, म्हणजे ११.५ च्या जागी १२.५ चे हवा-पेट्रोल गुणोत्तर. त्या इंजिनाच्या पिस्टनवरील रिंगांमधला कडा नॉकने तुटतो हे सुबारूवाल्यांना नव्याने सांगायला नको. अमेरिकेतल्या मराठी वाचकांपैकी कुणाकडे ही गाडी असेल तर चौथा कप्पा अधिक-उणे ३ च्या आत आल्याशिवाय पाय पूर्ण दाबू नये. (कॅलिफोर्नियात असाल तर इनटेकवर तिथल्या एअर रिसोर्सेस बोर्डाचा एक्झिक्युटिव्ह ऑर्डर क्रमांक आहे का हेही पाहावे, नाहीतर स्मॉग तपासणीत नुसते बॉनेट उघडूनच गाडी नापास होते.)

आजच्या बऱ्याच गाड्यांत वाइडबँड (मिश्रण नेमके किती लीन-रिच ते सांगणारा ऑक्सिजन) सेन्सर असतो आणि पूर्ण थ्रॉटललाही दुरुस्ती चालू राहते. त्यांत पेट्रोलचा धोका कमी होतो, लोडचा तसाच राहतो.

आता आकडे कसे घ्यायचे. ओबीडी पोर्टला (डॅशबोर्डखालच्या तपासणीच्या सॉकेटला) लावायचा ब्लूटूथ स्कॅनर आणि मोबाइलवरचे ॲप एवढ्यावर काम होते. मात्र स्वस्त स्कॅनर हळू असतो, वीस गोष्टी एकदम मागितल्या तर प्रत्येकीचा आकडा दोन-तीन सेकंदांनी येतो आणि एकमेकांशी जुळत नाही. सातच घ्याव्यात: आरपीएम, मॅफचा ग्रॅम प्रति सेकंद आकडा, शॉर्ट ट्रिम, लाँग ट्रिम, कूलंटचे तापमान, आत येणाऱ्या हवेचे तापमान आणि फ्युएल सिस्टिम स्टेटस. शेवटची ‘क्लोज्ड लूप’ (ऑक्सिजन सेन्सरचे ऐकून दुरुस्ती चालू) दाखवत नसेल तेव्हाचे ट्रिमचे आकडे वगळायचे. पहिला लॉग (आकड्यांची नोंद) मूळ एअर बॉक्सवरच घ्यावा, इनटेक बसवण्याआधी. हे जवळजवळ कुणी करत नाही आणि मग नंतरचे अधिक ७ हे इनटेकमुळे की आधीपासूनचे, हे सांगायला कुणी उरत नाही. कूलंट ८० अंशांच्या वर गेल्यावर आयडलला (उभ्या गाडीत, पाय न दाबता) पाच मिनिटे, २५०० आरपीएमवर उभ्या गाडीत दोन मिनिटे, मग ४०, ६० आणि ८० च्या स्थिर वेगाने रस्त्यावर. गाडी दुसऱ्याने चालवावी, मोबाइल शेजाऱ्याच्या हातात असावा.

इंधन एकाच पंपाचे असावे, आणि हा मुद्दा आपल्याकडे विशेष महत्त्वाचा. पंपांवर आता बहुतेक ठिकाणी २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. शुद्ध पेट्रोलला १४.७ पट हवा लागते, १० टक्के इथेनॉलवाल्याला सुमारे १४.१ आणि २० टक्केवाल्याला साडेतेराच्या आसपास. म्हणजे १० टक्क्यांच्या इंधनावर रिमॅप केलेल्या गाडीत २० चे इंधन भरले की इनटेकला हात न लावताही ट्रिम ४ टक्क्यांच्या आसपास चढते. ज्यांनी इथेनॉल-विरहित पेट्रोलवर रिमॅप करून घेतला त्यांच्या गाडीत ती ९ टक्क्यांपर्यंत जाते. आधीचा लॉग एका इंधनावर आणि नंतरचा दुसऱ्यावर घेतला तर दोन्ही वाया गेले. टाकीत जुने इंधन उरलेले असते, त्यामुळे निदान दोन टाक्या एकाच प्रकारच्या जाऊ द्याव्यात. आणखी एक बारकावा: उन्हात टाकी काठोकाठ भरली की पेट्रोलची वाफ कॅनिस्टरमधून (वाफ साठवणाऱ्या डब्यातून) इंजिनात ओढली जाते आणि ट्रिम मधूनच उणे १० कडे झुकते. ती वाफ आहे, स्केल नव्हे. लॉग अर्ध्या टाकीवर घ्यावा.

इनटेक बसवल्यावर जुनी लाँग ट्रिम एकदाच पुसावी, नव्या-जुन्याची खिचडी होऊ नये म्हणून. त्यानंतर शंभरेक किलोमीटर मिश्र चालवून लॉग घ्यावा, पाय पूर्ण न दाबता. पुन्हा पुन्हा पुसणे म्हणजे ताप मोजण्याआधी थर्मामीटर झटकत राहणे.

मग आकड्यांचा आकार बघायचा. ट्रिम सगळ्या वेगांना साधारण तितकीच असेल, आयडलला अधिक १६, ८० च्या वेगाला अधिक १८, तर ते व्यासाचे काम. आयडलला अधिक २० आणि २५०० आरपीएमला अधिक ४ असेल तर गळती. गळतीतून शिरणारी न मोजलेली हवा ठरावीक असते. आयडलला एकूण हवाच सेकंदाला दोन-तीन ग्रॅम, त्यात तिचा वाटा मोठा दिसतो, आणि वरच्या वेगाला ती बुडून जाते. जुन्या फोक्सवॅगन-स्कोडा गाड्यांत व्हीसीडीएस (त्या गाड्यांचे तपासणीचे सॉफ्टवेअर) लावले तर मेजरिंग ब्लॉक ०३२ मध्ये हे आयतेच वेगळे करून ठेवलेले असते: पहिला आकडा आयडलचा, बेरजेने लागणारा, दुसरा चालत्या गाडीचा, गुणाकाराने लागणारा. पहिला फुगलेला तर गळती शोधा, दुसरा फुगलेला तर मॅफ. आयडलला ठीक आणि लोड वाढेल तशी चढत जाणारी ट्रिम असेल तर इंधनाचा पंप किंवा फिल्टर दमला आहे, नाहीतर मॅफ मळला आहे.

गळती म्हटले की सगळे क्लॅम्प आवळतात. इनटेक बदललेल्या गाडीत पहिला संशय ब्रीदर पाइपावर घ्यावा. व्हॉल्व्ह कव्हरवरून येणारी ही होज मूळ इनटेकला मॅफच्या पुढे, थ्रॉटलच्या बाजूला जोडलेली असते. इंजिन तिच्यातून मोजलेली हवा क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या पेटीत) घेते आणि पीसीव्ही व्हॉल्व्हमधून (तिथली वाफ काढणाऱ्या झडपेतून) मॅनिफोल्डमध्ये ओढते. नव्या पाइपाला तिच्यासाठी तोंडच नसते, मग बसवणारा होजच्या टोकाला लिंबाएवढा छोटा फिल्टर खोचून मोकळा होतो. दिसायला झकास दिसते. आता पीसीव्ही बाहेरची, न मोजलेली हवा ओढतो आणि आयडलची ट्रिम चढते. इलाज एकच: नव्या पाइपाला मॅफच्या पुढे त्याच मापाचे तोंड जोडून होज परत तिथे लावणे.

टर्बो गाडीत गळतीची जागा लक्षण ठरवते. मॅफ आणि टर्बो यांच्यामध्ये फट असेल तर टर्बो तिथून न मोजलेली हवा ओढतो, ट्रिम अधिक. टर्बोच्या पुढे इंटरकूलरच्या (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) होजमध्ये फट असेल तर बूस्टमध्ये मोजलेली हवा बाहेर निसटते आणि मिश्रण रिच होते, मागून काळा धूरही दिसतो. मॅनिफोल्डच्या गॅस्केटमध्ये असेल तर दोन्ही: आयडलला लीन, बूस्टला रिच. बाहेर फुसकारणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह हीसुद्धा मॅफच्या गाडीत मुद्दाम विकत घेतलेली गळतीच. गिअर बदलताना मोजलेली हवा तो बाहेर सोडतो आणि तेवढा क्षण गाडी पेट्रोलने गुदमरते. फट शोधायला इनटेकचे तोंड टोपीने बंद करून दाबाची हवा भरतात आणि साबणाचे पाणी मारतात. टर्बोच्या पुढच्या भागाला सुमारे एक बार दाब देऊन बघता येते, पण त्याआधी ब्रीदर आणि पीसीव्हीच्या वाटा बंद केल्या पाहिजेत, नाहीतर तो दाब क्रँककेसमध्ये जाऊन ऑइल सील बाहेर येतात. धुराचे मशीन उपलब्ध असेल तर ते अधिक सुरक्षित. गरम एक्झॉस्टजवळ ब्रेक क्लीनर फवारून गळती शोधायचा प्रकार गॅरेजमध्ये सर्रास चालतो, तो पेटतो.

रिमॅपसोबत डाउनपाइपही (टर्बोनंतरचा एक्झॉस्टचा पाइप) बदलला असेल तर ऑक्सिजन सेन्सरच्या आधीच्या जोडाची गॅस्केट बघावी. तिथून आत शोषली जाणारी बाहेरची हवा सेन्सरला लीनचा भास देते आणि ईसीयू विनाकारण पेट्रोल वाढवतो. मोठे इंजेक्टर बसवले असतील तर आणखी एक फसवे लक्षण येते. इंजेक्टर उघडायला लागणारा वेळ, म्हणजे लेटन्सी, चुकीचा भरला असेल तर आयडलची ट्रिम बिघडते आणि वरची ठीक राहते, अगदी गळतीसारखी. तेव्हा आयडलला हेडलाइट, एसी आणि मागच्या काचेचा हीटर एकदम लावावा. व्होल्टेज पडताच ट्रिम स्पष्ट सरकली तर संशय लेटन्सीवर.

मॅफ मळण्याचे मोठे कारण तेल लावलेला कापडी फिल्टर. धुऊन परत तेल लावताना हात सैल सुटतो, जास्तीचे तेल हवेबरोबर तारेवर बसते, त्यावर धूळ. अशी तार मोठ्या प्रवाहाला कमी आकडा सांगते. तेल लावल्यावर फिल्टर रात्रभर ठेवून टपकू द्यावा. तार फक्त मॅफ क्लीनरच्या स्प्रेने धुवावी. कार्बोरेटर क्लीनर, कापूस, इअरबड यांपैकी काहीही तिला लागू देऊ नये. पूर्ण वाळल्यावरच प्लग लावावा. सेन्सर बसवताना त्याच्यावरचा बाण हवेच्या दिशेने आहे ना, तेही पाहावे. मूळ एअर बॉक्सच्या तोंडाशी असलेली जाळी शोभेची नसते. ती हवा सरळ करते. ती नसेल आणि सेन्सर वळणाला लागून बसला असेल तर आकडा थरथरतो, एकाच वेगाला ट्रिम कधी अधिक ३, कधी अधिक ११ दाखवते. असा थरथरणारा आकडा कुठल्याही स्केलने सुधारत नाही. पाइप बदलावा.

एक झटपट पडताळा: गरम इंजिन, एसी बंद, आयडल. मॅफचा आकडा साधारण इंजिनाच्या लिटरच्या आकड्याएवढा किंवा थोडा जास्त हवा, १.८ लिटरला दोन ग्रॅमच्या आसपास. तो सव्वा दिसला तर हवा कुठूनतरी चोरून येते आहे किंवा मोजली जात नाही.

गळती नाही, तार स्वच्छ आहे, इंधन तेच आहे, आणि तरीही ट्रिम सगळीकडे चढलेली आहे, मगच स्केलला हात लावायचा. हे काम रिमॅप करणाऱ्याचे, पण मालकाला कळले पाहिजे. स्थिर चालीतले, क्लोज्ड लूपमधले आकडे घेऊन प्रत्येक व्होल्टच्या टप्प्याला एकूण ट्रिमची सरासरी काढतात आणि त्या टप्प्याचा ग्रॅमचा आकडा तेवढ्याने वाढवतात. १.८ व्होल्टला १२ ग्रॅम लिहिले आहे आणि तिथली ट्रिम अधिक ८ असेल, तर १२ गुणिले १.०८, म्हणजे १२.९६. एका टप्प्यावर पाच-दहाच नोंदी असतील तर तो टप्पा शेजाऱ्यांच्या अंदाजाने भरतात. वक्र शेवटी गुळगुळीत हवा. मध्येच खड्डा किंवा उंचवटा दिसला तर नोंदींत खोट आहे. दोन-तीन फेऱ्यांत सगळे अधिक-उणे ३ च्या आत येते. वरच्या टोकाला, जिथे ट्रिम मिळत नाही, तिथे वेगळा वाइडबँड लागतो: मिळालेला लॅम्डा भागिले मागितलेला. ०.८० मागून ०.८४ मिळाला तर तिथला आकडा १.०५ ने वाढवायचा.

आणि स्केल वाढवला की लोड बदलतो. ठिणगी, बूस्ट, टॉर्कची मर्यादा, सगळे त्या दिवसापासून वेगळ्या घरात वाचले जाते. म्हणून स्केलनंतर नॉकचा लॉग घेतलाच पाहिजे. इंजेक्टरचा आकार खोटा वाढवून-घटवून ट्रिम शून्यावर आणणारे ट्यूनर असतात. स्कॅनरवर शून्य दिसते, लोड चुकीचाच राहतो. पैसे देताना ‘मॅफ स्केल केला की इंजेक्टर?’ एवढा प्रश्न विचारला तरी समोरचा किती पाण्यात आहे ते कळते. इनटेक बसवण्याआधीचा, बसवल्यावरचा आणि स्केलनंतरचा असे तीनही लॉग बिलासोबत मागून घ्यावेत.

पीयूसी पास झाली म्हणून निश्चिंत राहू नये, हेही नमूद करतो. २५०० आरपीएमच्या आसपास लॅम्डा १ च्या अधिक-उणे ०.०३ मध्ये आहे का ते तिथे बघतात. अधिक १८ ट्रिम असलेली गाडीही तिथे पास होते, कारण ट्रिमनेच लॅम्डा १ वर धरून ठेवलेला असतो.

मूळ एअर बॉक्स आणि मूळ मॅपची (ईसीयूतल्या तक्त्यांची) फाइल दोन्ही जपून ठेवावीत, आणि ती कायम जोडीने वापरावीत. वॉरंटीच्या सर्व्हिसिंगसाठी मूळ बॉक्स लावला आणि मॅप मात्र नव्या पाइपाचाच राहिला, तर ईसीयू प्रत्येक १०० ग्रॅमला ११८ समजतो. पेट्रोल जास्त, ट्रिम उणे १५ आणि प्लग काळे. गाडी विकताना ही फाइल, बॉक्स आणि पाइपाचा आतला व्यास लिहिलेली चिठ्ठी नव्या मालकाला द्यावी, कारण त्याच्या मेकॅनिकला बॉनेट उघडल्यावर नुसता एक चकचकीत पाइप दिसणार आहे.

आपले,
इंजिन ट्यूनिंग व डायग्नोस्टिक्सचे काम करणारे दोन वाचक, पुणे